दुकानदाराचा शब्द

व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीच्या पाडव्यास पालटते, पंचांगाचे चैत्रात, आणि सरकारचे १ एप्रिलला. वसतिगृहे, अनाथालये, फिरते दवाखाने चालविणाऱ्या संस्थांचे डोळे या तिसऱ्या वर्षाकडे लागलेले असतात. जमाखर्चाची तोंडमिळवणी मार्चअखेर करावयाची असते, आणि देणगीदारांपैकी पुष्कळांस दानाची आठवणही प्राप्तिकराच्या निमित्ताने त्याच सुमारास होते. त्यामुळे फाल्गुनात घरोघरच्या मोबाइलवर आवाहनांची गर्दी उसळते. यात अलीकडे एक नवी तऱ्हा दिसू लागली आहे. आवाहन संस्थेसाठी असते, पण ते येते दुकानाकडून! आमच्या फेसबुकच्या पानास पसंती द्या, प्रत्येक पसंतीमागे आम्ही एक रुपया अमुक आश्रमास देऊ, असा निरोप सराफाकडून येतो, तसाच मिठाईवाल्याकडूनही येतो. अशा निरोपाचे सुज्ञ कुटुंबाने काय करावे?

प्रथम हे सांगितले पाहिजे की, कल्पना मुळात वाईट नाही. अकोल्याहून पातूरवरून वाशीमकडे जाणाऱ्या सडकेवर, मालेगाव तालुक्यात, मेडशी हे गाव आहे. अशा गावातील किराण्याचा किंवा कापडाचा दुकानदार डोळ्यांपुढे आणावा. पंचक्रोशीतील कितीतरी घरे त्याच्या वहीत असतात, आणि हल्ली त्याच्या व्हॉट्सॲपच्या यादीतही असतात. कोणाच्या घरी लग्न निघाले आहे, कोणाचे सोयाबीन विकले गेले, कोणाचा हरभरा अजून शेतात उभा आहे, हे त्यास ठाऊक असते. शहरातील एखाद्या संस्थेने हजारो पत्रके छापली तरी ती या घरांच्या उंबरठ्यापर्यंत पोचावयाची नाहीत. दुकानदाराचा एक निरोप पोचतो आणि वाचलाही जातो, कारण त्याने वर्षानुवर्षे माप बरोबर दिलेले असते. त्याच्यापाशी देण्यासारखी खरी वस्तू आहे ती हा शब्द. त्याच्या गल्ल्यातील पाचशे रुपये त्यापुढे थोडकेच.

परंतु व्यापार आणि दानधर्म यांची गाठ वऱ्हाडास नवी नाही, आणि तिचा जुना अनुभव सर्वस्वी गोड नाही. बाजारात शेतकऱ्याची गाडी रिकामी झाली की अडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीला ‘धर्मादाय’ म्हणूनही त्याच्या पैशांतून काही कापून घेण्याची चाल पूर्वी होती. त्यातून गोरक्षणे, धर्मशाळा, पाणपोया चालत, हे खरे. पण पैसा शेतकऱ्याचा आणि दगडावर कोरलेले नाव शेटजींचे! कापलेली सगळी रक्कम धर्माकडे पोचली की नाही, हे विचारण्याची त्या गाडीवानाची काय प्राज्ञा? आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजे येथे १८८६ साली कापसाचा नियमबद्ध बाजार स्थापन झाला. देशातील अशा बाजारांत तो पहिला मानला जातो. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. मनमानी कपातींस आळा घालणे हा अशा नियमनाचा एक मोठा हेतू राहिला आहे. तेव्हा प्रत्येक खरेदीमागे दहा रुपये आश्रमास, अशी जाहिरात वाचताना तोच जुना धर्मादाय नवा अंगरखा चढवून आलेला नाही ना, एवढे गृहिणीने अवश्य पाहावे. किंमत आधी वाढवून मग दहा रुपये दिले, तर दान गिऱ्हाइकाचे आणि कीर्ती दुकानाची.

जनसमुदाय हेच ज्यांचे भांडवल, असे पुरुषही याच वऱ्हाडात होऊन गेले. गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) कीर्तनास हजारो माणसे लोटत, त्यांच्या शब्दावर पैसा उभा राही व त्याच्या धर्मशाळा होत; महाराजांपाशी मात्र खराटा आणि गाडगे. असो, संतांचा दाखला व्यापाऱ्यास जड वाटेल, म्हणून व्यवसायातीलच एक घेऊ. ‘लोकसत्ता’ या दैनिकाने २०११ साली गणेशोत्सवात ‘सर्व कार्येषु सर्वदा’ हा उपक्रम सुरू केला व पुढे वर्षानुवर्षे चालविला. निवडक संस्थांच्या कार्याची सविस्तर ओळख छापावयाची, वाचकांनी यथाशक्ति धनादेश पाठवावयाचे, आणि उत्सव सरल्यावर ते संस्थांच्या हाती द्यावयाचे, अशी त्याची रीत. यातील बारकावा ध्यानी घेण्यासारखा आहे. धनादेश काढावयाचा तो संस्थेच्या नावे, वृत्तपत्राच्या नावे नव्हे. वृत्तपत्राने आपले वाचक दिले, जागा दिली, पारख दिली. पैशाची वाट मात्र स्वतःच्या खात्यातून जाऊ दिली नाही. वृत्तपत्राचा त्यात नावलौकिक वाढला असेल, तर तो त्याने रास्त मार्गाने मिळविला असे आम्ही म्हणू.

अमेरिकेत वर्षअखेर म्हणजे डिसेंबर. तेथे २०१२ पासून नोव्हेंबरच्या शेवटी एक ‘दानाचा मंगळवार’ पाळला जातो. २०१८ साली त्या दिवशी फेसबुक व पेपाल या कंपन्यांनी लोकांच्या देणग्यांस आपली जोड देण्याचे जाहीर केले, आणि तिची मर्यादा ७० लक्ष डॉलर, हेही आगाऊ सांगून टाकले. ती रक्कम पाहता पाहता संपली. मागाहून देणाऱ्यांस जोड मिळाली नाही. कित्येकांची निराशा झाली असेल, परंतु कंपनी किती देणार हा आकडा झाकलेला नव्हता. आमच्याकडील ‘पसंतीमागे एक रुपया’ या निरोपात नेमका हाच आकडा बहुधा नसतो.

मेडशीच्या दुकानदारास हे सारे सहज साधण्यासारखे आहे. निरोपात संस्थेचे पूर्ण नाव असावे आणि गरज नेमकी असावी: मुलींच्या वसतिगृहास दोन महिन्यांची तूरडाळ, असे म्हटले की घरातील बायकांस ती तत्काळ कळते, ‘समाजोन्नती’ म्हटले की कोणासच काही कळत नाही. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा, आणि देणाऱ्यानेही रक्कम पाठविण्यापूर्वी पडद्यावर उमटणारे नाव संस्थेचेच आहे ना, हे पाहावे. दुकानाने आपली भर वेगळी, ठरीव रकमेची सांगावी. आश्रमातील मुलांची छायाचित्रे दुकानाच्या पाटीखाली झळकविणे तर सर्वथा टाळावे. अशा बालकांची ओळख प्रसिद्ध करण्याच्या विरुद्ध २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचा रोख आहेच. पण कायदा नसता तरी, उद्या ती मुलगी त्याच बाजारात नोकरी मागावयास जाणार आहे, हे विसरून कसे चालेल? एप्रिलमध्ये संस्थेची पोच त्याच व्हॉट्सॲपच्या यादीवर टाकावी. पुढील वर्षीच्या निरोपास त्याहून चांगली शिफारस नाही.

आता घरच्या बाजूने दोन शब्द. संस्थेस करसवलतीची मान्यता असेल तरच देणगीवर वजावट मिळते. २००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास त्या देणगीवर ती मिळत नाही, आणि धान्य, कपडे अशा वस्तूंवरही नाही. प्राप्तिकराची नवी पद्धत ज्यांनी पत्करली, त्यांस या वजावटीचा विचारच करावयास नको. म्हणून डाळ द्यावयाची ती डाळ म्हणूनच द्यावी. अविभक्त कुटुंबाचे खाते स्वतंत्र असेल तर कुटुंबाची देणगी त्या खात्यातून जावी. पण घरातील आजींनी आपल्या गाठीचे पाचशे रुपये काढून दिले, किंवा सूनबाईंनी आपल्या पगारातून काही दिले, तर पावती त्यांच्याच नावाची मागावी. सोयीसाठी म्हणून ती कर्त्या पुरुषाच्या नावावर घालू नये.