गाठोडे कोणत्या फडक्यात बांधावे?



आमच्या चाळीतल्या एका ताईंनी मुलांच्या शिक्षणासाठी हप्त्याने जुना कॉम्प्युटर घेतला. ताई चार घरची धुणीभांडी करतात. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी दहावीला. एके दिवशी मुलाला कॉलेजात प्रोजेक्टच्या तीस-चाळीस फाइली ई-मेलने पाठवायच्या होत्या. सर म्हणाले, "एकेक पाठवू नकोस, झिप करून पाठव." मुलाने इंटरनेटवर 'फ्री झिप' असे शोधले. सर्वांत वर जे नाव दिसले त्यावर क्लिक केले आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करीत ते कॉम्प्युटरमध्ये बसवून टाकले. वरचे ते नाव म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात होती, हे त्या पोराला काय ठाऊक!

त्या दिवसापासून कॉम्प्युटर चालू केला की जाहिरातींचा पाऊस. आठ-दहा दिवसांत तो इतका मंदावला की दुकानात न्यावा लागला. दुकानदाराने आतले सगळे पुसून विंडोज नव्याने टाकले आणि आठशे रुपये घेतले. आठशे रुपये ताईंनी कसेबसे उभे केले. पण मिस्टरांच्या शेवटच्या वर्षातले फोटो त्याच कॉम्प्युटरवर होते. मोबाइल भरला म्हणून तिकडे उतरवून मोबाइलवरून काढून टाकले होते. ते गेले ते गेलेच.

मुलगा रडवेला होऊन मला म्हणाला, "काका, फुकट होतं म्हणून घेतलं हो."

मी त्याला काय सांगणार? कारण त्याला बाहेरून काही आणायची गरजच नव्हती. झिप करण्याची सोय त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून होती. अशी पाळी दुसऱ्या कुणाच्या घरी येऊ नये, म्हणून आजचा हा विषय.

झिप म्हणजे काय?

कचेरीत आम्ही रजिस्टर लिहितो. एकाच गावाचे नाव खाली वीस वेळा यायचे असेल तर पहिल्या ओळीत नाव लिहितो आणि पुढे 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन टिंबे देतो. जागा वाचते, मजकूर मात्र जशाचा तसा राहतो. फाइल आवळणारे सॉफ्टवेअर नेमके हेच करते. जे पुन्हा पुन्हा येते ते एकदाच लिहायचे आणि पुढे त्याची फक्त खूण द्यायची. ही युक्ती अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडली. गाठोडे सोडले की एक अक्षरही कमी-जास्त न होता फाइल परत मिळते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोबाइलचे फोटो, गाणी आणि व्हिडिओ हे मुळातच आवळलेले असतात. पिळून वाळत घातलेला कपडा पुन्हा पिळला तर पाणी किती निघणार? म्हणून शंभर फोटोंची झिप केली तर शंभरांचे एक गाठोडे होते, आकार मात्र फारसा कमी होत नाही. शिष्यवृत्तीच्या किंवा प्रवेशाच्या फॉर्मवर 'फोटो इतक्या केबीच्या आत हवा' अशी अट असते, तिथे झिप उपयोगी पडत नाही. तिथे विंडोजमधल्या 'पेंट'मध्ये फोटो उघडावा, 'रिसाइझ'मध्ये जाऊन त्याची लांबी-रुंदी कमी करावी आणि नव्या नावाने ठेवावा. मूळ फोटो तसाच राहू द्यावा. एवढ्या कामासाठी सायबर कॅफेत पैसे मोजायला नकोत.

फुकटाचे तीन प्रकार

बाजारात फुकट वस्तू दिसली की आपण दोनदा विचार करतो. कॉम्प्युटरवर मात्र आपण एकदाही करीत नाही. तिथे फुकटाचे निदान तीन प्रकार आहेत.

पहिला, मुदतीचे फुकट. 'विनरार' हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. ते चांगले काम करते, परंतु ते चाळीस दिवस वापरून पाहण्यापुरते फुकट आहे. चाळीस दिवसांनंतरही ते चालत राहते, फक्त आठवण करून देते, म्हणून लोक त्याला फुकटच समजतात. नियमाने ते विकत घ्यावे लागते.

दुसरा, चोरीचे फुकट. दुकानदार किंवा एखादा मित्र 'क्रॅक' केलेली प्रत टाकून देतो. कुलूप तोडणाऱ्याने आत आणखी काय ठेवून दिले आहे, हे आपल्याला कधी कळत नाही. जिथे मुलांच्या मार्कशीट, जातीचे दाखले, आधार आणि बँकेचे कागद आहेत, तिथे अनोळखी माणसाला किल्ली कशाला द्यायची? जाहिरातीतून गळ्यात पडणारी सॉफ्टवेअरही ह्याच रांगेतली समजावीत. ताईंचा मुलगा फसला तो इथेच.

तिसरा, खरोखरीचे मुक्त. बनवणाऱ्याने ते सर्वांसाठी खुले केलेले असते. त्याची आतली रचना, म्हणजे सोर्स कोड, जाणकाराला वाचता येते आणि तपासता येते. आपण घ्यावे ते हे.

मग निवड कशी करावी?

आधी घरात काय आहे ते पाहावे. विंडोजमध्ये झिप बांधण्याची व सोडण्याची सोय २००१ सालच्या एक्सपीपासून आहेच. हव्या त्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबा. विंडोज १० असेल तर 'सेंड टू'मध्ये 'कॉम्प्रेस्ड फोल्डर' दिसेल. विंडोज ११ असेल तर तिथेच 'कॉम्प्रेस' हा शब्द दिसेल. सोडायचे असेल तेव्हा उजवे बटण दाबून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा. दहापैकी नऊ कामे एवढ्यावर भागतात. जीमेलवरून एका वेळी २५ एमबीपर्यंतचेच गाठोडे जाते, एवढे लक्षात असू द्या.

घरातल्या सोयीने भागले नाही, तर 'सेव्हन-झिप' घ्यावे. इगोर पावलोव्ह या रशियन प्रोग्रामरने ते १९९९ साली लोकांपुढे ठेवले. घरी वापरा, शाळेत वापरा, कचेरीत वापरा, पैसा द्यावा लागत नाही आणि जाहिरातही येत नाही. आकाराने इतके लहान की साधारण दोन एमबीच्या आत बसते, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवरही चालते. त्याच्या भाषांच्या यादीत मराठीसुद्धा आहे. ज्यांना सेव्हन-झिपचे साधे रूप आवडत नाही त्यांच्यासाठी 'पीझिप' हे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर आहे.

सेव्हन-झिपची गरज केव्हा पडते? जुन्या विंडोजवर कुणी 'रार' किंवा 'सेव्हन-झेड' प्रकारची फाइल पाठवली तर. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून असल्या फाइली आपोआप उघडू लागल्या आहेत. दुसरी गरज पासवर्डची. दाखले आणि बँकेचे कागद ई-मेलने पाठवायचे असतील तर सेव्हन-झिपने गाठोड्याला कुलूप लावता येते. त्यात 'एईएस-२५६' हा पर्याय निवडावा, तो मजबूत आहे. मात्र असे गाठोडे विंडोजच्या साध्या सोयीने उघडेलच असे नाही, समोरच्याकडेही सेव्हन-झिप हवे. पासवर्ड त्याच ई-मेलात लिहू नये, फोन करून सांगावा. आणि तो घरच्या वहीत टिपून ठेवावा, कारण विसरलेला पासवर्ड परत मिळवून देणारे कुणी नाही.

दुसऱ्याला पाठवताना साधी झिपच करावी. सेव्हन-झेड प्रकार बहुधा जास्त आवळतो, पण समोरच्याकडे तो उघडला नाही तर उपयोग काय? झिप हा प्रकार फिल काट्झ या अमेरिकन तरुणाने १९८९ साली आणला आणि त्याची रचना सर्वांना खुली केली. म्हणूनच तो आज जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर उघडतो. ज्ञान कुलुपात न ठेवता खुले केले तर ते किती दूरवर पोहोचते, त्याचे हे उदाहरण आहे.

घेताना आणि वापरताना

सेव्हन-झिप घ्यायचे ते त्याच्या स्वतःच्या पत्त्यावरूनच. पत्ता असा : आकडा सात, मग आडवी रेघ, मग झिप, डॉट, ओआरजी. मधली रेघ आणि शेवटचे ओआरजी नीट पाहा. मिळत्याजुळत्या नावाला भुलू नका.

मुक्त आहे म्हणून त्यात दोष निघत नाहीत असे नाही. विनरारमध्ये एकोणीस वर्षे जुनी फट २०१९ साली उघड झाली. सेव्हन-झिपमध्येही सुरक्षेचा एक दोष सापडला आणि २०२४ च्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. सेव्हन-झिप स्वतःहून नवे होत नाही. म्हणून वर्षातून दोन-तीनदा त्याच पत्त्यावर जाऊन नवी आवृत्ती टाकावी. अनोळखी माणसाकडून आलेले गाठोडे सोडूच नये. आणि आत 'फोटो' म्हणून असलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'ईएक्सई' दिसले तर तो फोटो नाही, हे घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवावे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. गाठोडे बांधले म्हणजे वस्तू सुरक्षित झाली असे नाही. एकच गाठोडे असेल तर ते जाते तेव्हा सगळेच घेऊन जाते. घरातले फोटो आणि कागद एका फोल्डरमध्ये ठेवावेत, त्याची झिप करून एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक प्रत स्वतःच्याच ई-मेलवर ठेवावी. आणि झिप उघडते की नाही ते पाहिल्याशिवाय मोबाइलवरून काही काढून टाकू नये.

ताईंच्या नातलगांच्या मोबाइलवर शोधता शोधता मिस्टरांचे अकरा फोटो सापडले. आम्ही त्यांना सांगितले, व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवू नका, त्याने फोटो फिका आणि लहान होतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मुलाने त्या अकरांची झिप केली आणि तीन ठिकाणी ठेवली. त्यासाठी त्याने बाहेरून काहीच आणले नाही. विंडोजमधल्या सोयीनेच काम झाले.

आपल्या घरी कॉम्प्युटर असेल तर या रविवारी मुलांना जवळ बसवून एवढे एक काम करून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे.