काठी-बॅटरीच्या भरवशावर तुंगारेश्वर

वसई-विरारच्या जंगलात हत्ती नाहीत. त्यामुळे हस्तिदंताच्या चोरट्यांशी झुंजणाऱ्या वनरक्षकांचा विषय निघाला की आपल्याला आफ्रिका आठवते. कांगोच्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात आजवर दोनशेहून अधिक रक्षकांचा जीव गेला, हे वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण 2023 मध्ये गडचिरोलीत रानटी हत्तींनी वन विभागाच्या वाहनचालकाचा बळी घेतला. त्याआधी 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांना वाघिणीने ओढून नेले.

आता आपल्या दाराशी या. तुंगारेश्वर अभयारण्य 2003 मध्ये जाहीर झाले. सुमारे 85 चौरस किलोमीटरचे हे रान बिबट्याचे हक्काचे घर. त्याच्या पायथ्याशी महामार्ग आणि दिवसागणिक वर सरकणाऱ्या चाळी. 2024 मध्ये बिबट्या थेट वसई किल्ल्यात शिरला, तेव्हा पिंजरे लावून रात्री जागले ते वन कर्मचारीच.

रानडुकराचा फास कधी पाहिला आहे? मोटारसायकलच्या क्लचची तार, बुंध्याला आवळलेली गाठ, जनावराच्या वाटेवर सोडलेला फेरा. पाचोळ्यात तो दिवसाउजेडीही दिसत नाही. त्यात डुक्कर सापडेल की बिबट्या, हे कोण सांगणार? अडकून चवताळलेल्या बिबट्याजवळ जायचे असते ते मात्र वनरक्षकाने. तारेत वीज सोडलेली असेल, तर अंधारात गस्त घालणाराच आधी जायचा. खैरचोरांकडे कुऱ्हाडी असतात, टेम्पो असतो. वनजमिनीवरची बेकायदा चाळ पाडायला जावे तर दगड येतात आणि मागोमाग ‘वरून’ फोन येतो. आमच्या मते हा फोन कुऱ्हाडीपेक्षा घातक आहे, कारण पुढच्या खेपेस चोर निर्धास्त असतो.

अशा ठिकाणी काठी आणि बॅटरी देऊन माणूस एकटा पाठवणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे. 11 सप्टेंबरला वनशहिदांना पुष्पचक्र वाहणाऱ्या सरकारने रात्रीची एकट्याची गस्त आधी बंद करावी. प्रत्येक परिक्षेत्राला चालू स्थितीतले वाहन आणि सशस्त्र पथक द्यावे. अतिक्रमण हटवताना पोलीस बंदोबस्त नसेल, तर त्याचा जाब वरिष्ठांना विचारावा. हे मागायला कुणाच्या मरणाची वाट पाहू नये.

वाचकांनीही रानात फास किंवा तोडलेला खैर दिसला, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवावे.