थांबविता येणारा पडदा

२ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर एक लहानसा प्रयोग झाला. 'अपोलो १५' मोहिमेतील अमेरिकन अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी एका हातात हातोडा व दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरले आणि दोन्ही एकदम सोडून दिली. हातोडा किलोभराहून जड, पीस अगदीच हलके. तरीही दोन्ही एकाच वेळी चंद्राच्या धुळीत पडली. या प्रसंगाची चित्रफीत आज इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहता येते.

वर्गात ती दाखविण्याची एक सोपी रीत आहे. खिडक्या लावाव्यात, पडदा उजळावा, मुलांनी टाळ्या वाजवाव्यात आणि घंटा होताच सर्वांनी उठावे. मुले खूश होतात खरी. परंतु पीस हळू का पडले नाही, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात उमटतही नाही. पाहिले म्हणजे समजले, असा भ्रम मात्र खास होतो.

दुसरी रीत थोड्या कष्टाची आहे. प्रथम शिक्षक एक दगड व एक कागद एकाच उंचीवरून टाकतात. कागद रेंगाळतो. मग त्याच कागदाचा घट्ट बोळा करून टाकतात, तेव्हा तो जवळजवळ दगडाबरोबरच पडतो. कागद तोच, वजनही तेच. मग बदलले काय? एवढे झाल्यावर चित्रफीत सुरू होते आणि स्कॉट यांचे हात सुटण्यापूर्वीच थांबविली जाते. प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावयाचा. चंद्रावर हवा नाही, असे एक जण म्हणतो. तेथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून पीस तरंगेल, असे दुसरा सांगतो. मागच्या बाकावरचा, एरवी गप्प बसणारा मुलगाही या वादात ओढला जातो. मग चित्र पुढे सरकते. दोन सेकंदांच्या आत निकाल लागतो, पण तोवर तो निकाल साऱ्या वर्गाला हवाहवासा झालेला असतो.

पडद्यावरून शिकविणे भारतास नवीन नाही. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. ते मोठेच काम होते. तथापि तो पडदा कोणासाठी थांबत नसे. आजची चित्रफीत थांबते, मागे येते, पुन्हा सुरू होते. हा तिचा सर्वांत मोठा गुण असताना ती अखंड चालू ठेवण्याचा आग्रह का, हे समजणे कठीण आहे.

प्रयोगशाळा नसलेल्या शाळेला चित्रफितींचा मोठाच आधार आहे, हे कोणी नाकारणार नाही. ज्वालामुखी वर्गात आणता येत नाही. परंतु मटकीला मोड येताना पाहण्यास पडदा कशाला? ओले फडके घरोघरी असते. मात्र मुलांनी चार दिवस मोड पाहिल्यावर तीच वाढ मिनिटभरात दाखविणारी चित्रफीत लावली, तर तीही गोड लागते.

पुण्याच्या 'आयुका' या संस्थेत काम करीत असताना अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या अनेक लहान चित्रफिती तयार केल्या; त्यांतील कित्येक मराठीतही आहेत. पेय पिण्याच्या नळीची पिपाणी करणे हा तसाच एक खेळ. नळीचे एक टोक दाबून चपटे करावयाचे, दोन्ही बाजूंनी तिरपे कापावयाचे आणि ओठांत धरून फुंकावयाचे. नळी कापून आखूड करीत गेले की स्वर चढत जातो. पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. करावयास बसले म्हणजे मात्र पहिल्या फुंकेस ती बहुधा वाजत नाही. कोणी टोक पुन्हा कापतो, कोणी शेजाऱ्याची नळी निरखतो, कोणी चित्रफीत मागे नेऊन कात्रीची तिरपी चाल पुन्हा पाहतो. एवढ्यात कोठून तरी कर्कश आवाज निघतो आणि सगळा वर्ग तिकडे धावतो.