नावाखालची ओळ

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. मराठी घेऊन एम. ए. झालेली, वर्गात पहिली आलेली. पुढे एका प्रकाशनसंस्थेत सात वर्षे तिने मुद्रितशोधनाचे व संपादनाचे काम केले. मग आई अंथरुणाला खिळली म्हणून ते सोडले. तीन वर्षे आईची सेवा केली. आता आई नाही, आणि नोकरीही नाही. "सर," ती म्हणाली, "मला एक ओळ लिहून द्या."

एक ओळ! मुलांकडून पाच-पाच पानी निबंध लिहवून घेणाऱ्याला हा हातचा मळ वाटावा. ओळ हवी होती ती लिंक्डइनसाठी. २००३ साली सुरू झालेली आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टने विकत घ्यायची ठरवलेली ही कामकरी माणसांची चावडी वाचकांना ठाऊक असेलच. नसेल तर घरातल्या मुलांना विचारावे. तिथे प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ असते. माणसे शोधणाऱ्याला आपले नाव, फोटो आणि ही ओळ एवढेच प्रथम दिसते. आपण कुठे चार शब्दांचा अभिप्राय दिला, तरी ती नावामागून शेपटीसारखी जाते. आपण काही लिहिले नाही, तर यंत्र आपला हुद्दा आणि संस्थेचे नाव तिथे चिकटवून मोकळे होते. पण जिला हुद्दाच उरला नाही, तिने काय करावे?

तिने एक मसुदा करून आणला होता : 'ध्येयवेडी, सर्जनशील, परिणामाभिमुख भाषाप्रेमी, दहा वर्षांचा अनुभव, नव्या संधीच्या शोधात.' मला एकदम वधूवरांच्या जुन्या जाहिराती आठवल्या. त्यांतली प्रत्येक मुलगी सुस्वरूप, सुशील आणि गृहकृत्यदक्ष. त्यामुळे एकीचीही ओळख पटायची नाही! मी तिला म्हटले, "अगं, 'आळशी आणि परिणामविन्मुख' असे स्वतःला कुणी म्हणवून घेईल का? ज्या विशेषणाची उलट बाजू कुणीच लावून घेणार नाही, ते खुशाल खोडावे."

तीन विशेषणे गेली. आता लक्ष कसे वेधायचे, हा तिचा प्रश्न. लक्ष वेधणे म्हणजे ओरडणे नव्हे. १८९७ साली टिळकांनी 'केसरी'त 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असा मथळा दिला. त्यात विशेषण औषधालाही नाही. शिवाय इथे वाचणाऱ्याच्या आधी शोधणारा येतो. तो 'भाषाप्रेमी' असे टाइप करून माणूस शोधत नाही. 'मुद्रितशोधक' किंवा 'प्रूफरीडर' असेच शोधतो. तेव्हा कामाचे नाव पहिले, कारण फोनच्या पडद्यावर ओळीचा शेवट कापला जातो. 'संधीच्या शोधात' हेही गेले. ते सांगायला तिथे निराळी सोय आहे.

जागा २२० चिन्हांची. ऐकायला ऐसपैस, पण संगणकाच्या हिशेबी काना, मात्रा, वेलांटी, इतकेच काय, जोडाक्षरातली पाय मोडल्याची खूणसुद्धा स्वतंत्र. 'प्राध्यापक' हा डोळ्यांना चार अक्षरी दिसणारा शब्द तिथे दहा जागा खातो. शुद्धलेखनाचे इतके कठोर परीक्षक आमच्या विद्यापीठातही नाहीत!

राहिली ती दहा वर्षे. "सात ना?" मी विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, ती तीन वर्षे दाखवली की फोनच येत नाही." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. २०२२ पासून तिथे कामातल्या खंडाची नोंद करायला वेगळी जागा आहे, एवढे सांगितले. पण जागा असणे वेगळे आणि वाचणाऱ्याने ती समजून घेणे वेगळे. मग विचारले, "सात वर्षांत पुस्तके किती हातांखालून गेली?" ती बोटांवर मोजत राहिली. मोजता मोजता तिचा चेहरा बदलला. "साठ तरी."

मग ओळ अशी झाली : 'मराठी संपादक व मुद्रितशोधक (प्रूफरीडर). ललित, वैचारिक व शालेय पुस्तके. सात वर्षांत साठ पुस्तके.'

तिने ती दोनदा वाचली. मग फोनवर काहीतरी चाळत सहज म्हणाली, "सर, तुमचीही ओळ आहे की इथे." आणि मोठ्याने वाचली : 'ज्येष्ठ प्राध्यापक, साहित्यचिंतक.' पुढे काही बोलली नाही. गेली चौदा वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवतो, हे तिला पूर्ण ठाऊक आहे. तिच्या वर्गाचे तासही मी तसेच घेतले होते.

चहा घेऊन ती गेली. 'साहित्यचिंतक' मी लगेच खोडले. त्याचे काही वाटले नाही. 'ज्येष्ठ'ही खोडले. 'तासिका तत्त्वावर' हे शब्द मात्र दोनदा लिहिले आणि दोनदा पुसले. तिची ओळ त्याच दुपारी तिच्या नावाखाली लागली होती.