ओझरचे विमान आणि वैद्याची साल

ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेले तेजस मार्क १ए विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेपावले, तेव्हा आम्हा नाशिककरांना स्वाभाविक आनंद झाला. या विमानांची मागणी २०२१ सालची. विलंबाचे एक मोठे कारण अमेरिकेतून यावयाचे इंजिन. करारातील पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. हजारो भागांची साखळी एका दुव्यापाशी अडली. परंतु ती कोठे अडली, हे निश्चित सांगता आले.

आमच्या औषधांविषयी एवढे तरी सांगता येते काय? अशोकारिष्टास लागणारी साल सीतेच्या अशोकाची. बंगल्यांभोवती सरळसोट वाढणारा ‘अशोक’ वेगळाच वृक्ष. त्याची साल खऱ्या सालीत मिसळली जाते, हे सर्वश्रुत आहे. तोडणारा, गावचा खरेदीदार, घाऊक व्यापारी, फार्मसी अशा प्रत्येक टप्प्यावर अनेक ठिकाणचा माल एकत्र होतो आणि त्याचे मूळ पुसले जाते. आम्ही एका व्यापाऱ्यास विचारले असता ‘माल वरून येतो’ एवढेच उत्तर मिळाले. तो खोटे बोलत नव्हता. त्यालाही ठाऊक नव्हते.

द्रव्यांची दुर्मिळता शास्त्रकारांनाही अपरिचित नव्हती. मेदा-महामेदा न मिळाल्यास शतावरी घ्यावी, असे भावप्रकाशात उघडपणे सांगितले आहे. प्रतिनिधी द्रव्य वैद्याच्या जाणतेपणी योजले जाते, भेसळ त्याच्या नकळत होते. भेद एवढाच, पण तो निर्णायक आहे. चरकाचार्यांनी द्रव्यास चिकित्सेच्या चार पादांत स्थान दिले. तो पाद लटका असेल, तर रक्तप्रदराची रुग्णा तशीच खंगत राहते आणि दोष मात्र वैद्याच्या वा शास्त्राच्या माथी येतो.

प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यकच आहे; पण ती दोष दाखवते, दोषाचे ठिकाण नव्हे. सर्व औषधे वैद्याने स्वतः सिद्ध करावीत, हेही आज सर्वांना शक्य नाही. म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. सभासदांनी गुळवेल, शतावरी, बेहडा अशा मोजक्या द्रव्यांपासून प्रारंभ करून एकत्रित खरेदी करावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क मिळालेल्या ग्रामसभांशी थेट बोलावे, योग्य मोल द्यावे आणि प्रत्येक गोणीवर स्थान, महिना व वनस्पतीचे अंग यांची नोंद मागावी. गुराखी व वनवासी औषधी ओळखतात, हे चरकसंहितेने मान्य केले आहे. आपण मात्र त्यांनाच साखळीत सर्वांत दूर ठेवले.

विमानाच्या सुट्या भागाला जन्मनोंद असते. रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या सालीलाही ती असावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.