विज्ञान आणि आपण : आकाशातल्या वाटा

विमानाचा विषय काढला की आपल्या वस्तीत एक ठरलेला प्रश्न येतो. "आपल्याला काय करायचंय विमानाचं? एस.टी. वेळेवर आली तरी पुष्कळ!" प्रश्न खोटा नाही. पण आखाती देशांत गवंडी, सुतार, वायरमन म्हणून राबायला जाणारी माणसे आपल्यासारख्याच घरांतून निघतात आणि विमानानेच जातात. विमानतळावर सामान चढवणारे, झाडलोट करणारे हातही कष्टकऱ्यांचेच असतात. म्हणून या आठवड्यात आकाशातल्या वाटांची माहिती घेऊ. या वाटा कोण आखतो, त्या नव्याने का आखल्या जात आहेत आणि त्या कामात आपल्या मुला-मुलींना जागा कुठे आहे, ते पाहू.

आकाशालाही रस्ते असतात

खालून पाहिले तर आकाश मोकळे दिसते. पण विमान वाटेल तिकडून जात नाही. त्याला वाट ठरवून दिलेली असते, उंची ठरवून दिलेली असते आणि वेळही. हे काम करणाऱ्याला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. आपल्या देशात हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. १ एप्रिल १९९५ रोजी हे प्राधिकरण स्थापन झाले. समुद्रावरचा भाग धरून सुमारे २८ लाख चौरस सागरी मैल आकाश त्याच्या देखरेखीखाली येते. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई असे त्याचे चार मुख्य विभाग आहेत. विमान एका विभागातून दुसऱ्यात शिरले की त्याची जबाबदारी एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सोपवली जाते.

पूर्वी ही व्यवस्था साधी होती. १९४९ साली रात्रीच्या विमान टपालाची सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने रात्री नागपुरात जमत. आपसात टपालाच्या थैल्या बदलत आणि परत फिरत. देशाच्या मध्यावर असल्याने नागपूरला हा मान मिळाला. बोधिसत्त्व बाबासाहेबांचे पार्थिवही ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीहून विमानानेच मुंबईला आणले गेले. त्या काळी वैमानिकाला जमिनीवरच्या रेडिओ खुणांचा आणि नियंत्रकाच्या आवाजाचाच आधार होता. विमाने मोजकी होती, म्हणून तेवढ्यावर भागत असे.

चरखी दादरीचा धडा

विमाने वाढली, पण व्यवस्था तिथेच राहिली. त्याची किंमत १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी मोजावी लागली. दिल्लीहून सौदी अरेबियाचे एक मोठे विमान ३१२ माणसे घेऊन निघाले होते. कझाकस्तानचे दुसरे विमान ३७ माणसे घेऊन दिल्लीकडे येत होते. हरियाणातल्या चरखी दादरी गावावर दोन्ही विमाने हवेत एकमेकांवर आदळली. ३४९ माणसांपैकी एकही वाचला नाही. त्यात सौदीत रोजगाराला निघालेले भारतीय कामगार मोठ्या संख्येने होते. घरचे कर्ज फेडायला, बहिणीचे लग्न करायला, गावात दोन खोल्या बांधायला माणूस परदेशी जातो. अशा कित्येक घरांची चूल त्या एका क्षणात विझली.

अशा वेळी आपल्याकडे लोक म्हणतात, "नशिबात होतं." तथागताने आपल्याला असे शिकवलेले नाही. जे घडते ते कारणाने घडते आणि कारण दूर केले तर परिणामही टळतो, ही धम्माची शिकवण आहे. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने तेच केले, कारणे शोधली. येणाऱ्या विमानाला १५ हजार फूट उंची दिली होती आणि जाणाऱ्या विमानाला १४ हजार. येणारे विमान दिलेली उंची सोडून खाली उतरले. त्याच्या कर्मचाऱ्यांचे इंग्रजी कच्चे होते. नियंत्रकाचे बोलणे आणि त्यांची समजूत यांचा मेळ बसला नाही.

पण तेवढेच कारण नव्हते. दिल्लीच्या आसपासचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखलेले होते. त्यामुळे नागरी विमानांना येण्याजाण्यासाठी एकच वाट उरली होती. नियंत्रकासमोरच्या जुन्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, पण ते किती उंचीवर आहे ते कळत नसे. विमान १५ हजारांवर असल्याचे वैमानिकाने सांगायचे आणि नियंत्रकाने त्यावर विश्वास ठेवायचा, अशी रीत होती.

या अपघातानंतर येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी केली गेली. उंची दाखवणारी रडारे बसली. दुसरे विमान फार जवळ आले तर वैमानिकाला आपोआप सावध करणारे यंत्र विमानात सक्तीचे झाले. आज आपला माणूस विमानाने सुखरूप परततो, त्यामागे त्या ३४९ जणांचे मोल आहे.

उपग्रहाची मदत

त्यानंतरचा मोठा बदल उपग्रहांनी आणला. पूर्वी विमान एका रेडिओ खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जात असे. एस.टी. जशी वाटेतल्या प्रत्येक स्टँडमध्ये शिरून बाहेर पडते, तसाच हा प्रकार. वाट लांबे, वेळ जाई आणि इंधनही जळे. उपग्रहाच्या मदतीने विमानाला आपली जागा स्वतःच कळते, म्हणून ते बरेचसे सरळ जाऊ शकते.

पण उपग्रहाच्या मापात थोडी चूक राहते. मोबाइलवर आपले घर कधीकधी शेजारच्या गल्लीत दिसते, तशी. रस्त्यावर एवढी चूक चालते, धावपट्टीवर चालत नाही. ही चूक काढण्यासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून 'गगन' ही यंत्रणा उभारली. तिची रीत समजायला सोपी आहे. देशभरात १५ ठिकाणी केंद्रे आहेत. त्या केंद्रांची नेमकी जागा आधीच मोजून ठेवलेली असते. उपग्रह त्यांची जागा किती चुकीची दाखवतो, ते केंद्र पाहते. बेंगळुरूमध्ये त्या चुकीचा हिशेब होतो. मग दुरुस्ती उपग्रहाकडे पाठवली जाते आणि तिथून विमानाला मिळते. या १५ केंद्रांत एक नागपूरला आहे आणि एक गयेला. जगभरचे उपासक बोधगयेला जाताना उतरतात, तीच ही गया.

विमानाला उतरण्याच्या कामी वापरण्याची पूर्ण मान्यता 'गगन'ला २०१५ साली मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढ विमानतळावर इंडिगोचे विमान तिच्या आधारे चाचणी म्हणून उतरवले गेले. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीशेजारी महागडी उपकरणे असतात. छोट्या गावांना ती परवडत नाहीत. अशा ठिकाणी, हवा खराब असतानाही, विमान सुरक्षित उतरवायला ही यंत्रणा उपयोगी पडते.

घिरट्यांचा खर्च

मुंबईच्या विमानतळाशेजारच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना विमानांची घरघर सवयीची झाली आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. विमाने मात्र वाढतच गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच सांगितले की, मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात. ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १,७०० लिटर इंधन जळते. त्याची किंमत सुमारे १ लाख ८० हजार रुपये होते. शेवटी गर्दीच्या वेळची विमाने ताशी ४६ वरून ४४ वर आणावी लागली. पुढे २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. त्यासाठी पनवेलकडच्या गावांनी आपली घरेदारे सोडली, हेही विसरता कामा नये.

घिरट्या टाळण्याचा दुसरा उपाय म्हणजे आधीच हिशेब करणे. मुंबईत उतरायला जागा मिळणार नसेल, तर विमान निघतानाच जमिनीवर थांबवायचे. जमिनीवर थांबलेले विमान हवेतल्या घिरट्यांच्या मानाने फारच कमी इंधन जाळते. देशभरच्या विमानांचा हा हिशेब दिल्लीच्या मध्यवर्ती केंद्रातून ठेवला जातो.

तिसरा उपाय आकाश वाटून घेण्याचा. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी जाहीर केले होते की, देशातले फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळे आहे. बंधने सैल केली तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील, असा सरकारचा अंदाज होता. हवाई दलाला सराव नसेल तेव्हा ती वाट नागरी विमानांना द्यावी आणि गरज पडली की परत घ्यावी, असे हे धोरण आहे. गावच्या पाणवठ्यावर एकाचाच हक्क नसावा, हे आपल्याला महाडच्या सत्याग्रहाने शिकवले. आकाशही सर्वांचेच आहे. मात्र वाचलेले पैसे कंपनीच्या गल्ल्यात किती जातात आणि प्रवाशाच्या तिकिटात किती कमी होतात, हा सवाल आपण विचारत राहिले पाहिजे.

पुन्हा नागपूर

आता आणखी मोठा विचार चालला आहे. चारही विभागांचे आकाश एकाच व्यवस्थेखाली आणायचे आणि तिचे केंद्र नागपूरला ठेवायचे. या योजनेचे नाव 'ईशान'. २०२४ साली प्राधिकरणाने तिच्या सविस्तर अहवालासाठी सल्लागार संस्थांकडून प्रस्ताव मागवले. ज्या नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्माची वाट दाखवली, तिथून देशभरच्या आकाशातल्या वाटा आखल्या जाव्यात, ही कल्पना आपल्याला आवडणारच. पण नुसत्या अभिमानाने पोट भरत नाही. त्या केंद्रातल्या खुर्च्यांवर कोण बसणार, हा खरा प्रश्न आहे.

यंत्रे आली म्हणजे माणूस लागत नाही, असेही कुणी समजू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत विमानांची माहिती आपोआप पोहोचवणारी संगणक यंत्रणा बिघडली. तेव्हा नियंत्रकांनी ते काम हाताने केले. शेकडो विमानांना उशीर झाला, पण वाहतूक चालू राहिली.

आई-वडिलांसाठी दोन शब्द

नियंत्रकाच्या नोकरीसाठी वैमानिकासारखा लाखो रुपयांचा खर्च नाही. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेला किंवा इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला तरुण अर्ज करू शकतो. मुलीही करू शकतात. प्राधिकरण 'कनिष्ठ कार्यकारी' पदाची जाहिरात काढते आणि संगणकावर परीक्षा घेते. निवड झाल्यावर प्रशिक्षण प्राधिकरणच देते. त्याची केंद्रे प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियाला आहेत. वयाची मर्यादा २७ वर्षे असते. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत मिळते. नेमक्या अटी दर वेळच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात.

आणखी एक गोष्ट घरातल्या तरुणांना मुद्दाम सांगा. धम्म स्वीकारल्यानंतर आपल्या लोकांना महाराष्ट्रात सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत मिळत नव्हत्या. १९९० साली व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातींचे आरक्षण मिळाले. त्यासाठी एका पिढीने मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. तो हक्क कागदाअभावी वाया जाऊ देऊ नका. केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीचे खेटे घालत बसू नका.

आणि तयारी शाळेपासून करा. गणित अवघड म्हणून मुलीला त्यातून बाहेर काढू नका. चरखी दादरीला दोन विमानांमधले अंतर भाषेच्या कच्चेपणाने संपले. म्हणून इंग्रजी नुसते पाठ न करता कानांनी ऐकायला आणि तोंडाने बोलायला शिकवा. वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर गणिताचा आणि इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेता येईल. शिकलेली चार मुले पुढे आली तरी पुरे. बाबासाहेबांनी दिलेल्या तीन मंत्रांपैकी पहिला मंत्र शिकण्याचा आहे, आणि तो पोथीत ठेवण्यासाठी दिलेला नाही.

जयभीम!