दर्या उघडताना

पंचांगातला दर्या नारळी पौर्णिमेला शांत होतो. सरकारदरबारचा दर्या मात्र १ ऑगस्टला उघडतो. या दोन तारखांत कधी दोन-चार दिवसांचे अंतर पडते, तर कधी अधिक मास आला की जवळजवळ महिन्याचे. नारळ वाहिल्याखेरीज समुद्राशी सलगी करायची नाही ही घरातली रीत, आणि १ जूनपासूनची एकसष्ट दिवसांची बंदी सरली की मासेमारीला मोकळीक हा कायदा. पालघरजवळच्या सातपाटीचा माणूस दोन्हींचा मान राखतो. मधल्या दिवसांत आभाळावर डोळा ठेवून तो फाटकी जाळी शिवतो, इंजिन खोलून पुन्हा बसवतो, खलाशांच्या उचलीचा, बर्फाचा आणि डिझेलचा मेळ घालतो. त्यातून समोर मुरबे आणि अलीकडे सातपाटी अशा या खाडीत गाळ इतका साचलेला, की कायद्याने दर्या उघडला तरी बोट बाहेर काढायला भरतीचीच वाट पाहावी लागते.

१ ऑगस्ट ही आपल्या जिल्ह्याच्या जन्माचीही तारीख. २०१४ साली याच दिवशी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. महसूल खात्याचे नवे वर्षही याच दिवशी उघडते. वाढदिवस म्हटला की औक्षण आलेच. पण त्याच्या जोडीला थोडा हिशेबही व्हावा, अशी आपल्याकडची जुनी चाल आहे. आज तो हिशेब एका घासाचा मांडू. समुद्रातून किंवा शेतातून निघालेला घास आपल्या ताटात पडेपर्यंत त्याची राखण कोण करते, आणि आपण त्यात कुठे उभे असतो?

राज्याला शेतीचे खाते असावे ही गरज भुकेतून जन्मली. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळल्यावर इंग्रज सरकारने दुष्काळ आयोग नेमला आणि त्या आयोगाच्या शिफारशींच्या मागोमाग १८८३ मध्ये मुंबई इलाख्याचे शेती खाते उभे राहिले. मासळीकडे लक्ष जायला पुढे बरीच वर्षे लागली. सोर्ली नावाच्या अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या आरंभी या किनाऱ्याच्या मासेमारीचा पहिला मोठा अहवाल लिहिला. समुद्रातील मासेमारीचे नियमन करणारा राज्याचा कायदा आला तो थेट १९८१ साली. मत्स्यव्यवसाय खात्याचा कारभार वर्षानुवर्षे मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या वास्तूतून चालला. वर साहेबांच्या फायली, खाली काचेआड फिरणारे मासे. सरकारी कचेरीला इतके समर्पक शेजारपण क्वचितच लाभते.

आता एका पापलेटामागे जाऊन पाहू. ते दालद्याच्या जाळ्यात सापडते तेव्हा मत्स्यव्यवसाय खात्याचे. बंदरावर उतरून संस्थेच्या काट्यावर चढते तेव्हा सहकार खात्याचे. ज्या बर्फात ते गाडले जाते तो बर्फ अन्न व औषध प्रशासनाचा विषय. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा रंगवावा हा दंडक याच प्रशासनाने २०१८ साली घातला, कारण उद्योगासाठी बनलेला बर्फ सरबतात आणि मासळीवर येत होता. पालघर किंवा बोईसरच्या बाजारात पाटी उतरली की तराजू वैध मापन यंत्रणेचा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून शिक्का घ्यावा लागतो. आणि इतके होऊनही फसगत झालीच तर गाऱ्हाणे न्यायचे जिल्हा ग्राहक आयोगाकडे. अमेरिकेतल्या फ्लोरिडासारख्या राज्यात शेती आणि ग्राहकसेवा यांचे एकच खाते आहे. बागांवरच्या रोगराईपासून पेट्रोल पंपाच्या मापापर्यंत सारे त्याच्या अखत्यारीत येते. आपल्याकडे तेच काम मंत्रालयातल्या निरनिराळ्या मजल्यांवर वाटलेले. एकछत्री व्यवस्था आली की सगळे सुरळीत होते, असा भाबडा विश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण एका मजल्यावरचे दुसऱ्या मजल्यावर पोचत नाही, हा अनुभव सातबारा काढायला गेलेल्या कोणालाही नवा नाही.

सरकारची ही घडी बसण्याच्या आधीपासून सातपाटीने आपल्यापुरती एक घडी बसवली होती. ‘सर्वोदय’ आणि ‘मच्छीमार विविध कार्यकारी’ या इथल्या दोन सहकारी संस्थांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. बोट लागली की पापलेट वजनावर निवडले जाते. सर्वांत भारी ‘सुपर’, मग एक नंबर, दोन नंबर, अशी प्रत ठरते आणि प्रत्येक प्रतीला संस्थेने व्यापाऱ्यांशी आधीच ठरवलेला भाव मिळतो. किनाऱ्यावर दमून उतरलेल्या माणसाला एकट्याने दलालाशी हुज्जत घालावी लागत नाही. डिझेल, बर्फ, कर्ज हेही संस्थेतूनच, आणि फेड मासळीच्या हिशेबातून. उत्पादकाला रास्त भाव मिळावा आणि घेणाऱ्याला आपण कोणती प्रत घेतो आहोत ते कळावे, या दोन्ही गोष्टी त्या एका काट्यावर साधतात. ग्राहक संरक्षणाचे पाठ्यपुस्तक लिहायचे झाले तर पहिला धडा इथल्या निवडीच्या ओट्यावरून घ्यावा.

शहरात हाच विचार दुसऱ्या टोकाने उगवला. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. पुढच्याच वर्षी गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि शेजारपाजारच्या घरांनी मिळून महिन्याचा किराणा एकगठ्ठा आणण्याची पद्धत चाळी-सोसायट्यांत रुळली. त्यानंतर एका तपाने, २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली; म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. २०१९ साली त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

या कायद्यातली एक तरतूद मात्र सातपाटीच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. धंद्यासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, हे खरे. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो तो ग्राहकच, असा खुलासा त्यात आहे. म्हणजे स्वतः दर्यावर जाणाऱ्याने आपल्या होडीसाठी घेतलेले इंजिन महिन्याभरात बंद पडले, किंवा जाळ्याचा दोरा कच्चा निघाला, तर त्यालाही त्याच आयोगाचे दार ठोठावता येते. निकृष्ट बियाण्याने हंगाम बुडालेला शेतकरीही ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाणे महामंडळाच्या खटल्यात निःसंदिग्ध सांगितले. विकणारा आणि घेणारा अशा दोन जाती आपण मनात धरून बसलेलो असतो. सकाळी पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई संध्याकाळी किराण्याच्या दुकानात गिऱ्हाईक असते, आणि जाळ्याच्या दुकानात तिच्या घरचा धनीही. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, तेव्हा विजेच्या आणि कर्जाच्या सवलतींची चर्चा झाली, ती योग्यच होती. पण त्या दर्जासोबत शेतकऱ्याला मिळालेले हे ग्राहकाचे भानही किनाऱ्यावर यायला हवे.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपले काय? सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाले. सातपाटीकरांची ही मागणी होती आणि तिच्यामागे अभिमानापेक्षा काळजी अधिक होती. पूर्वीसारखे पापलेट आता जाळ्यात येत नाही, हे बंदरावरचे पोरही सांगेल. त्याच वर्षी राज्याने पन्नासहून अधिक जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. त्याहून लहान मासा धरू नये, विकू नये. आता हा नियम अमलात कोण आणणार? परवाना अधिकारी प्रत्येक बोटीवर जाऊ शकत नाही, डोल जाळ्याच्या बारीक आसात शिरलेले पिल्लू समुद्रातच ओळखून सोडणे सोपे नाही, आणि जाळी बांधायला समुद्रात रोवलेल्या वसई-उत्तनच्या कवींवरून होणारी भांडणे तर आपल्याला पाठ आहेत. पण तळहातावर मावणारी पापलेटे बाजारात ढिगाने, स्वस्तात लागलेली दिसली की ‘तव्यावर मस्त बसतात’ म्हणून पिशवीत भरून घेणारे आपणच असतो. गिऱ्हाईक नसते तर तो ढीगच लागला नसता.

काही राखण मात्र गिऱ्हाइकाच्या हातातली नाही. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नवापूरपाशी समुद्रात जाते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली त्याविरुद्ध हरित लवादाकडे दाद मागितली, वर्षानुवर्षे ती लढवली आणि लवादाने प्रदूषण करणाऱ्यांना भरपाईचे आदेश दिले. लढले किनाऱ्यावरचे लोक. ज्यांच्या ताटात ती मासळी जाते ते आपण बहुतेक जण त्या खटल्याचे नावही जाणत नव्हतो. वाढवण बंदराची पायाभरणीही २०२४ साली झाली. त्याच्या लाभहानीचा वाद इथे मिटणार नाही. पण मासळीची वाट बदलली तर बाजाराची वाट बदलते, एवढे तरी मुंबईच्या ग्राहकाला कळायला हवे.

एक साधी सूचना करावीशी वाटते. डहाणू-घोलवडच्या चिकूला, वाड्याच्या कोलमला, बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ‘खरे कोणते’ हे विचारायची सवय आपल्याला हळूहळू लागली. तसेच मासळी बाजारातही व्हावे. येत्या ग्राहक दिनी पालघरच्या सभागृहात भाषणे होतील, शालेय निबंधांना बक्षिसे मिळतील. त्याच्या आधी, या हंगामाच्या पहिल्या महिन्यातच, मत्स्यव्यवसाय, वैध मापन आणि अन्न व औषध या तीन कार्यालयांच्या माणसांनी एका सकाळी एकत्र सातपाटी, पालघर आणि बोईसरच्या बाजारांत फिरावे. काट्यावरचा शिक्का पाहावा, बर्फ पाहावा, आणि बाजाराच्या तोंडाशी १३५ मिलिमीटरची रंगवलेली पट्टी मासळीच्या चित्रासह ठोकून द्यावी. खर्च एका फलकाचा आहे, आणि तो कोणत्या खात्यातून टाकायचा यावर तिघांचे तेवढे एकमत व्हायचे आहे.